शेकलेला माईक

“घरी गाणं टेप करायचंय, स्वस्तातला एखादा माईक दाखवा,” असं म्हणत कुणी दुकानाची पायरी चढलं, की समोर उघडून ठेवलेला रेडिओ तसाच टाकून मी उठायचो. सांगलीतलं माझं दुकान रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं. माईक विकून पोट भरावं असा तो धंदाच नव्हता. पण सत्तरच्या दशकात गल्लीत एखाददुसरा टेपरेकॉर्डर दिसायला लागला आणि ज्याच्या त्याच्या मनात आलं, की आपला आवाज एकदा ऐकून बघावा. ज्यांनी ऐकला त्यांतले निम्मे लोक मशीन बिघडलंय म्हणून परत आले. मशीन ठणठणीत आहे, आवाज तुमचाच आहे, हे न दुखावता सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली.

आमच्या घरात सगळे हळदीच्या व्यापारात. वडील, काका, दोन्ही थोरले भाऊ. पेढीवरच्या गादीवर ती माणसं सकाळी बसली की दुपारीच उठत. मला ते जमलं नाही. एका जागी बसवतच नाही मला. हे एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून झालं. लहानपणापासून चालू वस्तू उघडून बघायची खोड. वडील म्हणायचे, “भूपाल, बंद पडल्यालं चालू करणारी माणसं लय बघितली, चालू हाय ते बंद पाडणारा तू एकटाच.” पुढे त्या खोडीचाच मी धंदा केला आणि वडिलांनी पेढीशेजारचा एक गाळा मला देऊन टाकला. गाळ्याच्या मागेच आमचं घर. मधलं दार उघडं असलं की दुकानातल्या सोल्डरचा वास स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातली हाक दुकानात.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी जरा सांगतो. माईक म्हणजे उलटा चालणारा स्पीकर. स्पीकरमध्ये विजेने पडदा हलतो आणि आवाज होतो. माईकमध्ये आवाजाने पडदा हलतो आणि वीज होते, अगदी चिमूटभर. ती चिमूट कशी तयार होते त्यावर माईकची जात ठरते. टेलिफोनात कोळशाच्या भुग्याचा असायचा, त्यात बोललेलं कळायचं पण गाण्याची वाट लागायची. त्याच्यावरचा क्रिस्टलचा. त्यात एका क्षाराचा खडा असतो, पडद्याने त्याला जरा दाबलं की वीज सुटते. हा स्वस्त, हलका, आणि काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या जुन्या मशीनला लावला की खणखणीत बोलणारा. त्याच्यावरचा कॉइलचा, म्हणजे लोहचुंबकात तारेचं वेटोळं हलणारा. तो दणकट आणि आवाजाला गोड, पण किंमत क्रिस्टलच्या तिप्पट, शिवाय व्हॉल्व्हच्या मशीनला जोडायचा तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागायचा. याच्याही वरचे माईक रेडिओ केंद्रात असत. ते आम्ही मासिकातल्या फोटोत बघायचो.

गिऱ्हाईकाला वाटायचं, महागाचा घेतला की काम झालं. आमच्याच पेठेतल्या एका हळद व्यापाऱ्याने बायकोची स्तवनं टेप करायला दुकानातला सगळ्यात महाग माईक नेला. आठ दिवसांनी टेप घेऊन आला. बाई सुरेख म्हणत होत्या, पण त्यांच्या मागे पोती उतरवणारे हमाल, गाडीवानाच्या शिव्या, शेजारच्यांची मोरी, सगळं तितकंच सुरेख आलं होतं. भारी माईकला कान जास्त. त्याला नको ते आधी ऐकू येतं. मी त्याला साधा क्रिस्टलचा दिला, बाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरायला सांगितला आणि खिडकीला दोन गोधड्या टांगायला लावल्या. गाणं स्वच्छ आलं. भारी माईक परत घेताना त्याच्या जाळीत हळदीची धूळ अशी बसली होती की तो पुसायला मला अख्खी दुपार लागली.

फलटणच्या एका संगीत शिक्षकांनी तर माईक थेट पेटीवर ठेवला होता. “याला दमा झालाय,” म्हणून तक्रार घेऊन आले. लावून बघितलं तर खरंच, गाण्यापेक्षा धाप जास्त. ती धाप पेटीच्या भात्याची होती. मी म्हटलं, “सर, जिथं बसून तुम्हाला गाणं ऐकायला आवडेल तिथं माईक ठेवा.” ते म्हणाले, “मी नेहमी पेटीमागेच बसतो हो.” मी पेटी दोन हात लांब सरकवून दाखवली. पुढे त्यांनी फलटणहून माझ्याकडे चार गिऱ्हाइकं पाठवली.

असं मी लोकांना शिकवायचो आणि मनातून जरा फुगायचो. माईक निवडून द्यावा तर भूपालअण्णाने, असं पेठेत म्हणत. आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो, नाहीतर पुन्हा उठावंसं वाटेल.

श्रावणातला मंगळवार होता. संध्याकाळी एक उंच, पलटणीतला वाटावा असा माणूस खांद्यावर काळी ट्रंक घेऊन आला. ट्रंक काउंटरवर उतरवली, आतली घोंगडी बाजूला केली. आत स्पूलचा, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळांचा टेपरेकॉर्डर, व्हॉल्व्हचा, जुना पण नीट ठेवलेला. आवाजाबरोबर मिटणारा हिरवा डोळा असायचा ना पुढे, तो सुद्धा शाबूत.

“साहेबाची बदली झाली तवा त्यांच्याकडनं घेतला,” तो म्हणाला. “माईक न्हाई याला. अण्णा, लय भारी नगं. ऐकू आलं म्हंजी बास.”

त्याचं नाव संपत. फौजेत नाईक, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला. गाव पाटणच्या अलीकडे, कोयनेच्या काठी. कुणाचं गाणं टेप करायचं, हे मी नेहमीप्रमाणे विचारलं.

“वडलांचं. तात्या भेदिक म्हणत्यात,” तो म्हणाला. “येत्या सोमवारी मिरजंला घशाचं आपरेशन हाय. डाक्टर म्हणलं, गाठ काढावीच लागंल, आवाज ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई.”

भेदिक म्हणजे डफ-तुणतुण्यावरचा सवाल-जवाब. एका फडाने पुराणातलं कोडं गाण्यातून घालायचं, समोरच्याने ते गाण्यातूनच सोडवायचं. आमच्या भागातल्या यात्रांतून मी तो ऐकलेला होता, पण त्या लोकांची एक रीत मला त्या दिवशी कळली. उत्तरं लिहून ठेवायची नाहीत. वही केली की कधीतरी ती दुसऱ्याच्या हाती लागते, आणि उत्तर फुटलं की फडाची पत गेली. तात्यांना त्यांच्या गुरूंनी सगळं तोंडी दिलं होतं. तात्यांनी ते पोराला द्यायचं, तर पोरगा मिसरूड फुटताच पलटणीत गेला. आता पाच-सहा दिवसांत ते सगळं एका माणसाच्या गळ्यातून काढून घ्यायचं होतं. तात्या आधी टेपला तयार नव्हते. भरलेल्या टेपा ट्रंकेत कुलपात राहतील आणि किल्ली तुमच्या हातात, असं संपतने कबूल केलं तेव्हा तयार झाले.

आजारपण पुढे होतं, संपतचा हात आखडलेला होता. कॉइलचा माईक आणि वर ट्रान्सफॉर्मर त्याला परवडला नसता. तसा माझा स्वतःचा एक कॉइलचा माईक आतल्या कपाटात होता. सभा-समारंभाला भाड्याने जायचा. उसना मात्र कुणाला देत नव्हतो, त्यालाही दिला नाही. मी क्रिस्टलचा काढला, जोडला आणि त्याला बोलायला सांगितलं.

“हॅलो, हॅलो,” संपत म्हणाला. माईक हातात आल्यावर दुसरं काही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. परत लावून ऐकवलं, तर हिरवा डोळा मिचकावत मशीन स्पष्ट बोललं. तो लहान पोरासारखा हसला. निवड बरोबर होती. आजही त्या पैशांत, त्या मशीनला मी तोच माईक देईन.

तेवढ्यात मधल्या दारातून आक्काची, म्हणजे माझ्या आईची हाक आली. “भूपाल, दिवस बुडाय लागलाय. येतोस का ताट झाकून ठिवू?”

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, आणि चातुर्मासात तर आक्का कुणाचं ऐकायची नाही. झाकलेलं ताट म्हणजे सकाळपर्यंत उपास. सकाळी चार घास खाऊन बसलेलो, पोटात कावळे ओरडत होते. मी माईक कागदात गुंडाळत घाईघाईने म्हणालो, “हे बघा, याला ओल लागू देऊ नका. ओल लागली की आवाज उतरतो. काम झालं की तांदळाच्या डब्यात ठेवत जा.”

यापुढे माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. उन्हात नको, चुलीपाशी नको, ऊब लागली की आतला खडा कायमचा जातो. शंभरदा बोललेलं वाक्य. त्या दिवशी मी सुतळीची गाठ मारली, पुडकं त्याच्या हातात दिलं आणि ताटावर जाऊन बसलो.

बुधवारी दिवसभर मला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. घराला कुलूप घातलं का नाही, असं वाटतं ना, तसं. दोनदा इस्त्रीचा प्लग बघून आलो. गिऱ्हाइकांच्या पावत्या बघितल्या. भावाला विचारलं, “मी कुणाला काही सांगायचं कबूल केलं होतं का?” तो म्हणाला, “तू जरा गप बस.” गुरुवारीही तेच. हातात घेतलेल्या रेडिओत चुकीचा व्हॉल्व्ह बसवला आणि पुन्हा काढला.

शुक्रवारी दुपारी कराडच्या एसटीचा कंडक्टर दुकानात आला. त्या काळी कंडक्टर मंडळी ओळखीच्या माणसाची चिठ्ठी-चपाटी आणून देत. वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं: “अण्णांस नमस्कार. माईक मुका झाला. दोन वेळा शेकला तरी आवाज येत नाही. सोमवारी जाणे आहे. काय करावे. संपत.”

‘शेकला’ हा शब्द वाचला आणि दोन दिवस जे आठवत नव्हतं ते आठवलं. डफ वाजवणाऱ्या घरात मी सांगून पाठवलं होतं, की ओल लागली की आवाज उतरतो. डफाचंही तेच असतं. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, आवाज उतरतो, मग फडातली माणसं गवत पेटवून नाहीतर निखाऱ्यावर डफ शेकतात आणि तो पुन्हा कडक बोलायला लागतो. ज्याने उभा जन्म हे केलं, त्याने दुसरं काय करायचं होतं? कोयनेच्या काठी श्रावणात ओल तर भिंतीतून येते.

मी कपाटातला कॉइलचा माईक काढला. ट्रान्सफॉर्मर नव्हता. पेठेतली दोन दुकानं फिरलो, कुणाकडे नव्हता. मग घरात गेलो आणि आक्काचा रेडिओ उघडला. त्यात स्पीकरच्या आधी एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो, तो उलटा जोडला की काम भागतं. आक्का बघत उभी होती.

“चालू हाय की रे तो!” ती म्हणाली.

“म्हणूनच काढतोय,” मी म्हणालो. तिला सगळं सांगितलं, अगदी जेवायच्या घाईसकट. शनिवारी सकाळी उठलो तर तिने डबा भरून ठेवला होता.

संपतच्या गावाला जायचं तर कराडला गाडी बदलायची. पुढची गाडी तासभर आलीच नाही. स्टँडवर मी एवढ्या येरझाऱ्या घातल्या की एका हमालाने मला कुणाला दवाखान्यात नेलंय का म्हणून विचारलं. गाडी आली तर पावसाने रस्ता खचलेला, चाकं चिखलातून ओढत चाललेली. माझं बूड सीटवर टेकत नव्हतं. ट्रान्सफॉर्मरचं पुडकं मांडीवर धरून दर दोन मैलांनी चाचपत होतो. गावात पोचायला दोन वाजले.

संपत ओसरीवर बसला होता. मला बघून उठला, पण हसला नाही. आत भिंतीला टेकून तात्या. किडकिडीत माणूस, पांढऱ्या मिशा, गळ्याभोवती टॉवेल. त्यांनी हात जोडले आणि बोलायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

झालं होतं ते असं. बुधवारी आवाज बरा आला, पण बारीक. दोन पदांनंतर आणखी उतरला. तात्यांनी स्वतः माईक निखाऱ्यावर धरला, डफ धरतात तसा, चारी अंगांनी फिरवत. गुरुवारी सकाळी पुन्हा एकदा शेकून त्यांनी त्याच स्पूलवर पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली आणि मग थांबलेच नाहीत. गुरूंनी दिलेले सगळे सवाल, सगळे जवाब. स्पूल संपला की दुसरा लावायचा. संपत म्हणाला, असे तात्या यात्रेत सुद्धा कधी म्हणाले नव्हते. दुपारपर्यंत त्यांचा आवाज पार बसला, आणि ऐकायला लावलं तर सगळे स्पूल मुके.

“हिरवा डोळा हलत नव्हता, ते दिसलं नाही?” मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

“तात्या म्हणत असताना मशीनकडं कोण बघतंय?” संपत म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. “अण्णा, तांदळात ठेवा म्हणालासा. शेकू नगा म्हणाय काय झालं हुतं तुमास्नी?”

खोटं सांगता आलं असतं. सांगितलं होतं, तुम्हीच विसरला, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “जेवायची घाई होती.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या नजरेपुढे मला बसवेना आणि उठताही येईना. तात्यांनी हात वर करून पोराला गप्प केलं, मला जवळ बोलावलं, माईक बोटाने दाखवला आणि कुजबुजले, “आत चामडं न्हाई व्हय?”

“न्हाई तात्या. मिठासारखा एक खडा असतोय.”

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. “मीठ शेकत बसलो व्हय मी!” ते कुजबुजले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. संपतच्या आईने पाणी दिलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं. तो राग मला हवाच होता.

आवाज गेला होता. आहे ते कसं वाचवायचं, एवढंच उरलं होतं. कॉइलचा माईक तोंडाला अगदी चिकटवून धरला तर कुजबुजसुद्धा घेतो. मी तसं सांगितलं. संपत म्हणाला, “कुजबूज घेऊन काय करायचं? गाणं हाय ते.” तात्यांनी पुन्हा हात वर केला आणि मशीनकडे बोट दाखवलं.

मशीन लावायला गेलो तर वीज नव्हती. जिच्या पाण्यावर वीज होते त्या नदीच्या काठी बसून आम्ही चार वाजेपर्यंत विजेची वाट बघितली. तोवर मी दाराला, खिडकीला घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, कारण पत्र्यावर पाऊस वाजत होता. वीज आली. या वेळी एक इयरफोन मी कानात घातला आणि डोळा त्या हिरव्या डोळ्यावर ठेवला. माईक तात्यांच्या ओठांपासून दोन बोटांवर मी स्वतः धरून बसलो.

तात्या सांगायला लागले. आधी सवाल, मग त्याचा जवाब. डफ नव्हता, बोटाने गुडघ्यावर ठेका. कुजबुजीत सूर नसतो, पण ओळ कुठे लांबवायची, कुठे तोडायची, ते श्वासावरून कळत होतं. संपत ओठ हलवत शेजारी बसला. लहानपणी कानावरून गेलेली कोडी त्याला माहीत होती. उत्तरं तो पहिल्यांदाच ऐकत होता. मी अडीच तास हललो नाही. माझ्या आयुष्यात असं आधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

शेवटच्या जवाबाला तात्या थांबले. टॉवेल सोडला, मान ताठ केली आणि एक ओळ, एकच, आवाजात म्हणाले. फाटका, रक्त निघेल असा आवाज. हिरवा डोळा गच्च मिटला. पुढची ओळ आलीच नाही, त्यांचं तोंड नुसतं उघडं राहिलं. मला रडू आलं आणि माईक हलू नये म्हणून मी हात दुसऱ्या हाताने धरला.

परत लावून ऐकवलं. शब्द न्‌ शब्द कळत होता. संपत बाहेर डोकावला आणि म्हणाला, “अण्णा, दिवस बुडाय आला. तुमी जेवून घ्या.” त्याच्या आईने भाकरी आणि कांदा न घातलेली आमटी वाढली. आक्काचा डबा तसाच राहिला होता, तोही उघडला.

सोमवारी मिरजेत ऑपरेशन झालं. तात्या वाचले. आवाज आला नाही, कुजबुजसुद्धा नाही. संपत पलटणीत परत गेला. पुढे दोन वर्षांनी त्याने कळवलं, की सुट्टीत यात्रेला तो तात्यांचा डफ घेऊन उभा राहिला आणि दोन सवालांचे जवाब त्याने दिले. आवाज तात्यांचा नव्हता, असंही त्यानेच लिहिलं होतं. टेपमधून शब्द मिळाले, चाल त्याला ज्याच्या त्याच्या आठवणीतून गोळा करावी लागली. गुरुवारच्या त्या मुक्या स्पूलांपैकी एक माझ्याकडे आहे. त्यावर दुसरं काही टेप करायला माझा हात धजला नाही.

तपासणीला तात्यांना दर दोन-तीन महिन्यांनी मिरजेला यावं लागे. तिथून सांगली जवळ. ते सिटी बसने माझ्या दुकानात यायचे आणि काउंटरजवळच्या स्टुलावर बसायचे. पहिल्या वेळी त्यांनी खिशातून सुपारी काढून माझ्यापुढे धरली. मग दुकानभर नजर फिरवून क्रिस्टलच्या माईकच्या खोक्यावर बोट ठेवलं आणि हसले.

तोवर मी खोक्यांवर कागद चिकटवायला लागलो होतो. मोठ्या अक्षरांत तीन ओळी. ‘ओल नको. शेक नको. ऊन नको.’ तात्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मला वाचून दाखवायला लावलं. नंतर कुणी माईक घ्यायला आलं की तात्या उठत, खोकं गिऱ्हाइकापुढे फिरवून धरत आणि मधल्या ओळीवर बोट टेकवत. मोठ्याने वाचेपर्यंत बोट उचलत नसत. “शेक नको,” असं गिऱ्हाईक म्हणालं की मान हलवून पुन्हा स्टुलावर. हे कोण, म्हणून लोक मला विचारत. मी म्हणायचो, आमचे तात्या.

असाच एक मार्गशीर्षातला दिवस. थंडीत ऊन लवकर पळतं. एक शिक्षिका माईक घ्यायला आल्या होत्या, मुलीचं गाणं टेप करायचं म्हणून. निवड झाली, मशीनला लावून बघितलं. मधल्या दारातून आक्काची हाक आली, “भूपाल, ताट वाढलंय, दिवस चालला.” मी सवयीने सुतळी ओढली आणि पुडकं पुढे केलं. तात्यांनी पुडक्यावर पंजा ठेवला. मी म्हणालो, “तात्या, कागद आहे की खोक्यावर, त्या वाचतील घरी.” पंजा हलला नाही. माझ्याकडे बघत बसले, हसत नव्हते.

मी सुतळी सोडली. खोकं उघडलं. बाईंना खाली बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आत खडा असतो, तो कशाचा असतो, ओलीने काय होतं, उबेने काय होतं, हिरव्या डोळ्याकडे का बघायचं, माईक तोंडापासून किती लांब धरायचा. त्यांनी दोन गोष्टी पुन्हा विचारल्या, त्या पुन्हा सांगितल्या. त्या गेल्या तेव्हा समोरच्या दुकानात दिवे लागले होते. आत आक्का ताट झाकत असल्याचा आवाज आला.

तात्यांनी खिशातली सुपारी काढली, निम्मी स्वतः घेतली आणि निम्मी माझ्यापुढे धरली. मग दिवस बुडालाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. मला सपाटून भूक लागली होती, आणि कितीतरी दिवसांनी काहीही राहिल्यासारखं वाटत नव्हतं.